पॅरामेडिक

पॅरामेडिक म्हणजे अचानक आजारी पडलेल्या किंवा जखमी झालेल्या व्यक्तीवर रुग्णालयाबाहेर तातडीचे उपचार करणारा आणि तिला सुरक्षितपणे रुग्णालयात पोहोचवणारा प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी होय. पॅरामेडिक प्रामुख्याने रुग्णवाहिकेतून काम करतात. काही देशांत ते मोटारसायकल, हेलिकॉप्टर किंवा अग्निशमन दलाच्या वाहनातूनही घटनास्थळी जातात. श्वसनमार्ग मोकळा ठेवणे, रक्तस्राव थांबवणे, हृदयाचे विद्युत आलेखन करणे, डीफिब्रिलेटरने विजेचा झटका देणे, शिरेतून औषधे देणे आणि रुग्णाची स्थिती रुग्णालयाला आगाऊ कळवणे ही त्यांची मुख्य कामे आहेत.

या व्यवसायाचा उदय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. त्यापूर्वी बहुतेक ठिकाणी रुग्णवाहिका हे केवळ वाहतुकीचे साधन होते. रुग्णवाहिकेत उपचार होऊ लागल्यावर दोन प्रश्न पुढे आले. रुग्णालयात पोहोचण्याआधी किती उपचार करावेत, आणि ते कोणी करावेत? रुग्णवाहिका सेवा कशी चालवावी याविषयीचे बहुतेक वाद या दोन प्रश्नांभोवतीच फिरतात.

नाव आणि व्याप्ती

‘पॅरामेडिक’ हा शब्द ‘जोडीला’ किंवा ‘साहाय्यक’ या अर्थाच्या ग्रीक उपसर्गापासून बनला आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकी सैन्यात हवाई छत्रीने उतरणाऱ्या वैद्यकीय सैनिकांनाही याच नावाने ओळखले जाई.

भारतात ‘पॅरामेडिकल’ किंवा ‘निमवैद्यकीय कर्मचारी’ ही संज्ञा बऱ्याच व्यापक अर्थाने वापरली जाते. क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, शस्त्रक्रियागृह साहाय्यक अशा अनेकांचा तिच्यात समावेश होतो. पॅरामेडिक ही त्यातील एक स्वतंत्र शाखा आहे. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांसाठी भारतात ‘आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ’ (ईएमटी) हे पदनाम अधिक रूढ आहे. अनेक देशांत या दोन पदांत फरक केला जातो. तंत्रज्ञ प्राथमिक जीवरक्षक उपचार करतो, तर पॅरामेडिकला औषधे आणि शरीरात उपकरण घालावे लागणारे उपचार यांचे जादा अधिकार असतात.

इतिहास

युद्धभूमीवरील उगम

जखमींना रणांगणावरून त्वरेने हलवण्याची संघटित व्यवस्था फ्रेंच शल्यचिकित्सक दॉमिनिक जाँ लॅरे यांनी १७९०च्या दशकात उभारली. त्यांच्या हलक्या घोडागाड्या ‘उडत्या रुग्णवाहिका’ म्हणून प्रसिद्ध झाल्या. जखमीचा हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहून उपचारांचा क्रम ठरवावा, असा त्यांचा आग्रह होता. अमेरिकी यादवी युद्धात जोनाथन लेटरमन यांनी १८६२ मध्ये स्वतंत्र रुग्णवाहिका दल स्थापन केले. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशनची स्थापना झाली आणि सामान्य नागरिकांना प्रथमोपचार शिकवण्याची परंपरा सुरू झाली. पुढे ती भारतातही पोहोचली.

दुसऱ्या बोअर युद्धाच्या काळात, १८९९ मध्ये, मोहनदास करमचंद गांधी यांनी दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन ॲम्ब्युलन्स कोअर हे पथक उभारले. त्यातील सुमारे १,१०० भारतीयांनी जखमी सैनिकांना स्ट्रेचरवरून वाहून नेण्याचे काम केले.

पहिल्या महायुद्धात मांडीचे हाड मोडलेल्या सैनिकांना हलवण्यापूर्वी ‘थॉमस स्प्लिंट’ हा आधार बांधण्याची पद्धत रूढ झाली आणि या दुखापतीने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात घटले. साध्या उपकरणाने, योग्य क्षणी आणि डॉक्टर नसलेल्या व्यक्तीनेही केलेला उपचार जीव वाचवू शकतो, हे त्यातून दिसून आले.

शववाहिकेकडून उपचारांकडे

शांततेच्या काळातील रुग्णवाहिका मात्र दीर्घकाळ मागासलेल्याच राहिल्या. १९६०च्या दशकात अमेरिकेतील सुमारे निम्म्या रुग्णवाहिका सेवा अंत्यविधी करणारे व्यावसायिक चालवत होते, कारण माणसाला आडवे झोपवून नेता येईल असे वाहन त्यांच्याकडेच असे. सोबत जाणाऱ्याला प्रथमोपचारांचे ज्ञान असेलच, याची खात्री नसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात अपघाती मृत्यू आणि अपंगत्व यांना आधुनिक समाजाचा ‘दुर्लक्षित आजार’ म्हटले. त्या अहवालाने या अवस्थेवर कठोर टीका केली.

दरम्यान वैद्यकशास्त्रात दोन महत्त्वाचे बदल झाले होते. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात जेम्स एलम आणि पीटर साफर यांनी तोंडाने कृत्रिम श्वास देण्याची परिणामकारकता सिद्ध केली. १९६० मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कूवेनहोवन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत मांडली. या दोहोंच्या संयोगातून आजची सीपीआर पद्धत तयार झाली. तिला ना शस्त्रक्रियागृह लागत होते, ना पदवी. ती शिकवता येण्याजोगी होती.

१९६६ मध्ये उत्तर आयर्लंडमधील बेलफास्ट येथे फ्रँक पँट्रिज आणि जॉन गेडिस यांनी फिरते हृदयोपचार पथक सुरू केले. हृदयविकाराने दगावणारे बहुतेक रुग्ण रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच मरण पावतात, हे लक्षात घेऊन त्यांनी मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारा सुमारे ७० किलो वजनाचा डीफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत बसवला. त्यांचे निष्कर्ष १९६७ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यांच्या पथकात डॉक्टर असत. डॉक्टरांऐवजी प्रशिक्षित कर्मचारी हे काम करू शकतील का, हा पुढचा प्रश्न होता.

फ्रीडम हाउस

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात मिळाले. तेथे आजारी माणसाला नेण्याचे काम पोलिसांच्या गाड्या करत. शहरातील हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीय वस्तीत ही सेवा अत्यंत अपुरी होती. १९६६ मध्ये पेनसिल्व्हेनियाचे माजी गव्हर्नर डेव्हिड लॉरेन्स भाषण करताना कोसळले आणि वाटेत योग्य उपचार न मिळाल्याने त्यांच्या मेंदूला कायमची इजा झाली. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. या घटनेने शहराचे लक्ष रुग्णवाहिकांच्या दुरवस्थेकडे वेधले.

१९६७ मध्ये पीटर साफर आणि स्थानिक संस्था यांच्या पुढाकाराने ‘फ्रीडम हाउस ॲम्ब्युलन्स सर्व्हिस’ सुरू झाली. तिच्यासाठी हिल डिस्ट्रिक्टमधील बेरोजगार कृष्णवर्णीय तरुणांची निवड करण्यात आली. त्यांच्यापैकी अनेकांचे शालेय शिक्षणही अपुरे होते. त्यांना शरीररचना, सीपीआर, श्वसनमार्गाचे व्यवस्थापन आणि आघात-उपचार यांचे सखोल प्रशिक्षण देण्यात आले. १९७४ पासून डॉ. नॅन्सी कॅरोलाइन या सेवेच्या वैद्यकीय संचालक होत्या. तेथील अनुभवावर आधारलेले त्यांचे पाठ्यपुस्तक पुढे जगभर वापरले गेले. १९७५ मध्ये महापालिकेने स्वतःची सेवा सुरू करून फ्रीडम हाउस बंद केली. जुन्या कर्मचाऱ्यांना नव्या सेवेत घेतले गेले, परंतु त्यांतील अनेकांना दुय्यम कामे देण्यात आली किंवा बाहेर पडावे लागले. ज्यांनी व्यवसायाचा पाया घातला, त्यांच्या कार्याला व्यापक मान्यता अनेक दशकांनंतर मिळाली.

प्रसार

याच सुमारास मायामी, लॉस एंजेलिस आणि सिअॅटल येथे अग्निशमन दलाच्या जवानांना पॅरामेडिक म्हणून प्रशिक्षित करण्यात आले. कॅलिफोर्नियात १९७० साली पॅरामेडिकना औषधोपचारांचा अधिकार देणारा कायदा संमत झाला. १९७२ ते १९७७ या काळात प्रसारित झालेल्या ‘इमर्जन्सी!’ या दूरचित्रवाणी मालिकेने हा व्यवसाय घराघरांत पोहोचवला. ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकाच्या प्रारंभी ब्रायटन येथे डॉ. डग्लस चेंबरलेन यांनी रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना हृदयविकाराच्या उपचारांचे शिक्षण दिले.

कामाचे स्वरूप

पॅरामेडिकचे काम दूरध्वनीपासून सुरू होते. नियंत्रण कक्षातील कर्मचारी ठरावीक प्रश्न विचारून तक्रारीची गंभीरता ठरवतात आणि योग्य वाहन पाठवतात. वाहन वाटेत असतानाच दूरध्वनीवरून नातेवाइकांकडून छातीदाब सुरू करून घेणे, हा आता अनेक देशांत नियमित उपचारक्रमाचा भाग आहे.

घटनास्थळी पोहोचल्यावर प्रथम जागा सुरक्षित आहे की नाही, हे पाहिले जाते. तुटलेल्या वीजतारा, वाहती वाहतूक, वायुगळती किंवा हिंसक जमाव असल्यास कर्मचारी स्वतःच जखमी होण्याचा धोका असतो. त्यानंतर श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि शुद्ध या क्रमाने तपासणी होते. मोठा बाह्य रक्तस्राव असल्यास तो सर्वांत आधी थांबवला जातो. एकाच वेळी अनेक जखमी असतील, तर त्यांचे तातडीनुसार वर्गीकरण करून क्रम ठरवावा लागतो. अशा वेळी जो सर्वांत मोठ्याने ओरडतो तो सर्वांत गंभीर असतोच, असे नाही. शांत पडलेल्याकडे आधी जावे, हे प्रशिक्षणात आवर्जून शिकवले जाते.

रुग्णालयात पोहोचल्यावर तोंडी आणि लेखी हस्तांतरण केले जाते. काय घडले, कोणती लक्षणे आढळली, कोणते उपचार केले आणि त्यांचा काय परिणाम झाला, हे थोडक्यात सांगावे लागते.

प्रत्यक्षात बहुतेक पाचारणे हृदयक्रिया बंद पडणे किंवा भीषण अपघात यांसारखी नसतात. वृद्धांचे घरात पडणे, दमा, मधुमेहातील साखरेचे चढउतार, प्रसूतिवेदना, मानसिक अस्वास्थ्य आणि व्यसनांशी संबंधित तक्रारी यांचा वाटा मोठा असतो. त्यामुळे घरच्या घरी उपचार करून रुग्णाला तेथेच ठेवायचे की रुग्णालयात न्यायचे, हा निर्णय पॅरामेडिकच्या कामातील एक अवघड भाग ठरला आहे.

प्रशिक्षण आणि नोंदणी

प्रशिक्षणाचा कालावधी देशागणिक बदलतो. ब्रिटनमध्ये ‘पॅरामेडिक’ हे कायद्याने संरक्षित पदनाम असून नोंदणीशिवाय ते वापरता येत नाही. तेथे २०२१ पासून नव्या नोंदणीसाठीच्या अभ्यासक्रमांना पदवीची पातळी आवश्यक आहे आणि २०१८ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या पॅरामेडिकना स्वतंत्रपणे औषधे लिहून देण्याचा अधिकार आहे. जर्मनीत २०१४ पासून लागू झालेल्या कायद्याने तीन वर्षांच्या प्रशिक्षणाचे ‘नोटफाल-सानिटेटर’ हे पद निर्माण केले. जपानमध्ये १९९१च्या कायद्याने आपत्कालीन जीवरक्षक तंत्रज्ञांना मान्यता मिळाली, मात्र त्यांचे अधिकार टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले.

पॅरामेडिक सामान्यतः वैद्यकीय संचालकाने ठरवलेल्या लेखी कार्यपद्धतीनुसार उपचार करतात. काही सेवांमध्ये विशिष्ट औषध देण्यापूर्वी डॉक्टरांशी दूरध्वनीवरून संपर्क साधणे बंधनकारक असते, तर इतरत्र तो निर्णय घटनास्थळी असलेल्या पॅरामेडिकवर सोपवलेला असतो.

सेवेची प्रतिमाने

जगातील रुग्णवाहिका सेवांची ढोबळमानाने दोन प्रतिमानांत विभागणी केली जाते.

आंग्ल-अमेरिकी प्रतिमान: यात पॅरामेडिक किंवा तंत्रज्ञ रुग्णाकडे जातात आणि त्याला रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागातील डॉक्टरांकडे आणतात. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया येथे हे प्रतिमान रूढ आहे.

फ्रँको-जर्मन प्रतिमान: यात डॉक्टर रुग्णाकडे जातो. फ्रान्समध्ये १५ या क्रमांकावर आलेला दूरध्वनी ‘सामू’ या यंत्रणेतील डॉक्टर हाताळतो आणि गरज भासल्यास डॉक्टरसह फिरते अतिदक्षता पथक पाठवतो. जर्मनीत आपत्कालीन डॉक्टर बहुधा वेगळ्या मोटारीने येऊन रुग्णवाहिकेला घटनास्थळी गाठतो.

प्रत्यक्षात ही सीमारेषा पुसट होत चालली आहे. ब्रिटनमध्ये हेलिकॉप्टर पथकांत डॉक्टर असतात, तर जर्मनीत पॅरामेडिकचे अधिकार वाढले आहेत.

वादाचे विषय

थांबून उपचार की तातडीने हलवणे

घटनास्थळी रुग्णाची स्थिती स्थिर करावी, की किमान उपचार करून त्याला शक्य तितक्या लवकर रुग्णालयात न्यावे, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना वाद आहे.

३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिस येथे झालेल्या मोटार अपघातानंतर या वादाची जगभर चर्चा झाली. या अपघातात वेल्सची राजकन्या डायना गंभीर जखमी झाली होती. अपघातानंतर सुमारे पावणेदोन तासांनी ती रुग्णालयात पोहोचली. तिच्या फुप्फुसातून हृदयाकडे जाणारी एक रक्तवाहिनी फाटली होती. तिला लवकर शस्त्रक्रियागृहात न्यायला हवे होते, अशी टीका इंग्रजीभाषक देशांतून झाली. तिला मोटारीतून बाहेर काढताना तिची हृदयक्रिया थांबली होती आणि कमी झालेल्या रक्तदाबामुळे वाहन सावकाश न्यावे लागले, असे फ्रेंच बाजूने सांगण्यात आले. अशी जखम कोणत्याही व्यवस्थेत बहुतांशी प्राणघातक ठरते, असेही अनेक तज्ज्ञांचे मत होते.

संशोधनातील निष्कर्ष

या वादाचे उत्तर आजारानुसार बदलते, असे संशोधनातून दिसून आले आहे.

१९९४ मध्ये ह्यूस्टन येथील अभ्यासात धडाला भोसकल्याच्या किंवा गोळीच्या जखमा झालेल्या ५९८ रुग्णांची पाहणी करण्यात आली. ज्यांना शस्त्रक्रियेपूर्वी शिरेतून द्रव दिले गेले, त्यांच्यापैकी ६२ टक्के रुग्ण वाचले. ज्यांना ते शस्त्रक्रियागृहात पोहोचेपर्यंत दिले गेले नाहीत, त्यांच्यापैकी ७० टक्के वाचले. रक्तस्राव आतून चालू असताना सलाईनने रक्तदाब वाढवणे अपायकारक ठरू शकते, ही जाणीव त्यामुळे वाढली. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात गोळी लागलेल्यांना पोलीस स्वतःच्या गाडीतून थेट रुग्णालयात नेतात.

कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ‘ओपल्स’ या नावाने मोठा अभ्यास झाला. जलद डीफिब्रिलेशनची व्यवस्था असलेल्या शहरांत श्वासनलिकेत नळी घालणे आणि शिरेतून औषधे देणे या प्रगत उपचारांची भर घातल्याने काय फरक पडतो, हे त्यात पाहण्यात आले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णांचे जगण्याचे प्रमाण आधी ५.० टक्के होते, ते नंतर ५.१ टक्के राहिले. गंभीर आघाताच्या रुग्णांतही एकूण लाभ दिसला नाही. ज्यांची शुद्ध फारच हरपली होती, अशा रुग्णांत तर प्रगत उपचारांच्या टप्प्यात जगण्याचे प्रमाण कमी आढळले. मात्र श्वास घेण्यास तीव्र त्रास होणाऱ्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आले.

ब्रिटनमध्ये सुमारे ८,००० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘पॅरामेडिक-२’ या चाचणीत अॅड्रेनलिन या औषधाची तुलना निष्प्रभ द्रावणाशी करण्यात आली. ३० दिवसांनी जिवंत असलेल्यांचे प्रमाण औषध मिळालेल्या गटात ३.२ टक्के आणि दुसऱ्या गटात २.४ टक्के होते. परंतु वाचलेल्यांमध्ये मेंदूला गंभीर इजा झालेल्यांचे प्रमाण औषधाच्या गटात जास्त होते. जीव वाचणे आणि पूर्ववत जगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही बाब या चाचणीने ठळकपणे पुढे आणली.

हृदयक्रिया बंद पडल्यावर छातीदाब आणि डीफिब्रिलेशन न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते, असे मानले जाते. त्यामुळे अशा रुग्णासाठी पहिली काही मिनिटे निर्णायक असतात आणि त्या मिनिटांत रुग्णवाहिका बहुधा वाटेतच असते. जवळच्या माणसाने केलेला छातीदाब आणि सार्वजनिक ठिकाणी ठेवलेला स्वयंचलित डीफिब्रिलेटर हे म्हणूनच रुग्णवाहिका सेवेचे पहिले दुवे मानले जातात.

प्रतिसाद-वेळ

दूरध्वनी आल्यापासून वाहन पोहोचेपर्यंतचा काळ मोजणे सोपे असल्याने सेवेची गुणवत्ता बहुधा त्यावरूनच ठरवली जाते. इंग्लंडमध्ये दीर्घकाळ अतितातडीच्या पाचारणांपैकी ७५ टक्के ठिकाणी आठ मिनिटांत पोहोचण्याचे उद्दिष्ट होते. आठ मिनिटांत पोहोचूनही रुग्ण दगावला तर ते यश आणि नवव्या मिनिटाला पोहोचून रुग्ण वाचला तर ते अपयश, अशी नोंद होत असल्याची टीका झाली. घड्याळ थांबवण्यासाठी रुग्णाला नेता न येणारी वाहने आधी पाठवली जात, असाही आक्षेप होता. २०१७ मध्ये तेथे नवी वर्गवारी लागू झाली. जिवावर बेतलेल्या प्रसंगी सरासरी ७ मिनिटे, तर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघाताचा संशय असल्यास सरासरी १८ मिनिटे असे निकष ठरले.

भोंगा आणि दिवे लावून वेगाने जाण्याने वाचणारा वेळ बऱ्याचदा थोडाच असतो, उलट अपघाताचा धोका वाढतो. त्यामुळे प्रत्येक पाचारणाला भोंगा वाजवत जाण्याची प्रथा अनेक सेवांनी मर्यादित केली आहे.

१९८०च्या दशकात अमेरिकी अर्थतज्ज्ञ जॅक स्टाउट यांनी मागणीचा अंदाज घेऊन रुग्णवाहिका वेगवेगळ्या चौकांत उभ्या ठेवण्याची पद्धत मांडली. तिच्यामुळे कमी वाहनांत अधिक भाग व्यापता येतो, असे समर्थक सांगतात. पूर्ण पाळी वाहनातच बसून काढावी लागल्याने कर्मचारी थकतात, असा कर्मचाऱ्यांचा आक्षेप आहे.

जवळचे की योग्य रुग्णालय

रुग्णाला सर्वांत जवळच्या रुग्णालयात न्यावे, की त्याच्या आजारावर उपचाराची सोय असलेल्या दूरच्या रुग्णालयात, हा दुसरा महत्त्वाचा वाद आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मेंदूचे सीटी स्कॅन नसलेल्या रुग्णालयात नेल्यास हा काळ वाया जातो. अमेरिकी शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांनी रूढ केलेली ‘सुवर्ण तास’ ही कल्पना आघातानंतर विलंब टाळण्यावर भर देते. नेमक्या साठ मिनिटांच्या मर्यादेला मात्र भक्कम पुरावा नाही, असे अनेक अभ्यासक सांगतात.

रुग्णालयात खाटा उपलब्ध नसल्यास रुग्णवाहिकांना दाराशी ताटकळत थांबावे लागते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात हा प्रश्न तीव्र झाला आहे. वाहने अडकून पडल्याने नव्या रुग्णांपर्यंत पोहोचण्यास उशीर होतो. म्हणजेच रुग्णवाहिकेचा विलंब नेहमी रुग्णवाहिका सेवेतच निर्माण झालेला असतो, असे नाही.

सेवा कोणी चालवावी

अग्निशमन दल, स्वतंत्र सरकारी विभाग, रुग्णालये, स्वयंसेवी संस्था आणि खासगी कंपन्या अशा सर्वांकडून जगात रुग्णवाहिका चालवल्या जातात. अग्निशमन दलाची केंद्रे शहरभर विखुरलेली असल्याने ती लवकर पोहोचू शकतात. स्वतंत्र सेवेत वैद्यकीय कामाला प्राधान्य राहते. खासगी कंत्राटदारामुळे सेवा लवकर उभी राहते, परंतु कराराच्या अटी, देखरेख आणि कर्मचाऱ्यांचे वेतन हे वादाचे विषय ठरतात.

भारतातील स्थिती

दिल्लीत १९९०च्या दशकाच्या प्रारंभी ‘कॅट्स’ ही सरकारी सेवा सुरू झाली. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथे इमर्जन्सी मॅनेजमेंट अँड रिसर्च इन्स्टिट्यूट (ईएमआरआय) या संस्थेने १०८ क्रमांकाची विनामूल्य सेवा सुरू केली. पुढे अनेक राज्यांनी सार्वजनिक-खासगी भागीदारीतून तिचा स्वीकार केला. या सेवेत वाहनावर सामान्यतः चालक आणि आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ असतात. गरजेनुसार ते नियंत्रण कक्षातील डॉक्टरांचे मार्गदर्शन घेतात. १०२ हा क्रमांक मुख्यतः गर्भवती, बाळंतीण आणि अर्भकांच्या वाहतुकीसाठी वापरला जातो.

रुग्णवाहिकांच्या रचनेसाठी एआयएस-१२५ हे राष्ट्रीय मानक आहे. त्यात प्रथम प्रतिसादक वाहन, रुग्ण वाहतूक वाहन, प्राथमिक जीवरक्षक रुग्णवाहिका आणि प्रगत जीवरक्षक रुग्णवाहिका असे चार प्रकार केले आहेत. वाहनाचे मानक आधी ठरले. वाहनातील माणसाच्या पात्रतेचे राष्ट्रीय नियमन त्यामानाने उशिरा आले. राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ (पॅरामेडिक) या व्यवसायाचा समावेश करण्यात आला.

कायदेशीर तरतुदी

सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात जखमीवर तातडीने उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचा निर्णय दिला. २०१६ मध्ये याच न्यायालयाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्या नागरिकांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक तत्त्वांना बंधनकारक स्वरूप दिले. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने कलम १३४-अ अन्वये या संरक्षणाला वैधानिक आधार मिळाला. याच दुरुस्तीनुसार रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

महाराष्ट्र

‘महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा’ २०१४ मध्ये १०८ क्रमांकावर सुरू झाली. प्रारंभीच्या नियोजनात ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ प्राथमिक जीवरक्षक प्रकारच्या होत्या. सेवेचा मध्यवर्ती नियंत्रण कक्ष पुण्यातील औंध येथे उभारण्यात आला. आषाढी वारीच्या काळात पालखी मार्गांवर या रुग्णवाहिका तैनात केल्या जातात. मुंबईत अरुंद गल्ल्या आणि वाहतूक कोंडी यांवर उपाय म्हणून २०१७ मध्ये मोटारसायकल रुग्णवाहिका सुरू झाल्या.

या सेवेचे वैशिष्ट्य म्हणजे रुग्णवाहिकेवर डॉक्टर नेमण्याचे धोरण. इतर अनेक राज्यांत हे काम तंत्रज्ञ करतात. महाराष्ट्रातील वाहनांवरील डॉक्टर प्रामुख्याने आयुर्वेद पदवीधर असून त्यांना आपत्कालीन उपचारांचे अतिरिक्त प्रशिक्षण दिले जाते. वाहनात डॉक्टर असल्याने रुग्णांच्या नातेवाइकांचा विश्वास वाढतो आणि निर्णय जागेवर घेता येतात, असे या धोरणाचे समर्थन केले जाते. फ्रान्समधील पथकांत आपत्कालीन वैद्यकातील तज्ज्ञ असतात, त्यामुळे केवळ ‘डॉक्टर’ या शब्दावरून दोन्ही व्यवस्था सारख्या मानता येत नाहीत. पदवीपेक्षा आपत्कालीन कौशल्यांचा नियमित सराव महत्त्वाचा असून त्यासाठी पॅरामेडिकचे स्वतंत्र संवर्ग हवे, असा दुसरा पक्ष आहे.

सातपुडा, मेळघाट आणि गडचिरोली या दुर्गम भागांत काही पाड्यांपर्यंत वाहन पोहोचू शकत नाही. तेथे रुग्णाला झोळीत घालून किंवा खाटेवरून रस्त्यापर्यंत आणावे लागते. अशा ठिकाणी उपचारांतील सर्वांत मोठा विलंब रुग्णवाहिका दिसण्याआधीच झालेला असतो. वाहनांची संख्या वाढवून तो भरून निघत नाही. रस्ता, दूरध्वनीचे जाळे आणि गावातील प्रथमोपचार जाणणारी व्यक्ती यांवर तो अवलंबून असतो.

गोवा

गोव्यात १०८ सेवा २००८ मध्ये सुरू झाली. राज्य लहान असल्याने आणि बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे मुख्य संदर्भ रुग्णालय असल्याने रुग्णाला कोठे न्यायचे, हा प्रश्न तेथे तुलनेने सोपा आहे. किनारी भागातील अरुंद रस्त्यांसाठी तेथेही मोटारसायकल रुग्णवाहिका वापरल्या जातात.

कर्मचाऱ्यांचे प्रश्न

पाळ्यांचे काम, जड रुग्ण जिन्यावरून उतरवताना होणाऱ्या पाठीच्या दुखापती, संसर्ग आणि रस्ते अपघात हे या व्यवसायातील नेहमीचे धोके आहेत. मृत्यू, लहान मुलांच्या दुखापती आणि आत्महत्या यांना वारंवार सामोरे जावे लागल्याने आघातोत्तर मानसिक ताण निर्माण होतो. उशीर झाल्याच्या रागातून नातेवाईक किंवा जमाव हल्ला करतात. विलंबाचे कारण काहीही असले, तरी दार उघडून पहिल्यांदा समोर येणारा माणूस पॅरामेडिकच असतो.

ब्रिटनमध्ये १९८९-९० आणि २०२२-२३ या काळांत रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांनी वेतनासाठी आंदोलने केली. अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांना संपाचा अधिकार किती असावा, यावर दोन्ही वेळी चर्चा झाली. भारतात बहुतेक कर्मचारी कंत्राटी आहेत. कंत्राटदार बदलल्यावर नोकरीची शाश्वती, सेवाज्येष्ठता आणि पदोन्नतीची वाट हे प्रश्न उभे राहतात. रुग्णवाहिकेत वर्षानुवर्षे काम करून कमावलेल्या कौशल्याला पुढील शिक्षणाची जोड मिळाली नाही, तर अनुभवी माणसे हा व्यवसाय सोडून जातात. फ्रीडम हाउसच्या काळातही हाच प्रश्न होता.

हे सुद्धा पहा

रुग्णवाहिका
प्रथमोपचार
हृदयविकाराचा झटका
पक्षाघात
१०८ (दूरध्वनी क्रमांक)